पटावरचे वय

आखाड्यातील पैलवान चाळिशीला आला, की लांग सोडून ठेवतो आणि वस्ताद होऊन मातीच्या कडेला उभा राहतो. धावपटूचे पाय त्याहूनही आधी थकतात. शरीराच्या बळावर चालणाऱ्या खेळांत वयाचा हिशेब चोख असतो. तेथे कोणाची गय होत नाही. बुद्धिबळाची गोष्ट मात्र निराळी, अशी पुष्कळांची समजूत असते. येथे धावावे लागत नाही, ओझे उचलावे लागत नाही. चौसष्ट घरांचा पट, बत्तीस मोहरी आणि समोरासमोर बसलेली दोन माणसे, एवढाच सारा पसारा! आठ वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा ज्यात बरोबरीच्या नात्याने बसू शकतात, असे खेळ जगात फार थोडे आहेत.

मग या खेळात वयाला काहीच किंमत नाही काय? केस पिकले म्हणून वजिराची चाल मंदावते काय? आणि ज्याने लहानपणी पट पाहिलाच नाही, त्याने उतारवयात तो शिकायला घेतला, तर त्याच्या हाती काय लागेल? या प्रश्नांची उत्तरे बुद्धिबळाच्या इतिहासात विखुरलेली आहेत. ती एकत्र करून पाहिली, म्हणजे खेळाबरोबरच मनुष्याच्या बुद्धीविषयीही काही गोष्टी उमगतात.

१८९४ साली इमान्युएल लास्कर नावाचा पंचवीस वर्षांचा जर्मन तरुण जगज्जेत्या विल्हेल्म स्टाइनिट्झसमोर बसला. स्टाइनिट्झचे वय तेव्हा अठ्ठावन्नाच्या सुमारास होते. हल्ला केव्हा करावा आणि बचाव कसा करावा, याचे शास्त्र ज्याने प्रथम सुसंगत रीतीने मांडले, तो हा पुरुष. परंतु त्या सामन्यात त्याने दहा डाव गमावले आणि त्याला पाचच जिंकता आले. आपले पद गेले, हे त्याच्या मनाला मानवले नाही. १८९६-९७ च्या हिवाळ्यात त्याने मॉस्को येथे पुन्हा लास्करशी सामना केला. या वेळी त्याला केवळ दोन डाव जिंकता आले. दहा डाव तो हरला. पुढे थोड्याच वर्षांत, १९०० साली, न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला. ज्याने खेळाला शास्त्र दिले, त्याच्यावरही वयाने मात केली.

स्टाइनिट्झला हरवणारा लास्कर पुढे सत्तावीस वर्षे जगज्जेता राहिला. इतका दीर्घ काळ हे पद दुसऱ्या कोणाकडेही टिकलेले नाही. परंतु काळाचे चक्र त्याच्यासाठीही थांबले नाही. १९२१ साली हवाना येथे होसे राऊल कापाब्लांका या बत्तीस वर्षांच्या खेळाडूशी त्याची गाठ पडली. बावन्न वर्षांच्या लास्करला त्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. स्टाइनिट्झच्या खुर्चीवर आता तो स्वतः बसला होता.

येथेच ही कथा संपली असती, तर तिच्यातून एकच बोध घेता आला असता: तरुणांनी जिंकावे आणि वृद्धांनी उठून जावे. पण कथा संपली नाही. तीन वर्षांनी, १९२४ साली, न्यूयॉर्क येथे जगातील निवडक खेळाडूंची स्पर्धा भरली. तीत पंचावन्न वर्षांचा लास्कर पहिला आला. ज्याने त्याचे पद घेतले, तो कापाब्लांका दुसरा आणि पुढे जगज्जेता झालेला अलेखिन तिसरा. त्यानंतर लास्करने हळूहळू स्पर्धांतून अंग काढून घेतले. गणित आणि तत्त्वज्ञान हे त्याचे आवडीचे विषय होते. त्यांत त्याचा काळ सुखाने जात होता. परंतु १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. लास्कर ज्यू होता. त्याला देश सोडावा लागला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. वयाच्या पासष्टीला टेकलेल्या त्या माणसाला पोटासाठी पुन्हा पटाकडे वळावे लागले.

१९३५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मॉस्को येथे वीस खेळाडूंची मोठी स्पर्धा झाली. प्रत्येकाला एकोणीस डाव खेळायचे होते. बोटविनिक तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि फ्लोर सव्वीस वर्षांचा. हे दोघे तेरा-तेरा गुण मिळवून पहिले आले. त्यांच्यामागे केवळ अर्ध्या गुणाने राहून तिसरे स्थान कोणी मिळवले? सहासष्ट वर्षांच्या लास्करने! एकोणीस डावांत तो एकदाही हरला नाही. सेहेचाळीस वर्षांचा कापाब्लांका त्याच्यामागे चौथा राहिला आणि आपसांतील डावही त्याने लास्करकडून गमावला. हवानाचे उट्टे चौदा वर्षांनी असे निघाले. मात्र पुढच्याच वर्षी मॉस्को येथे पुन्हा स्पर्धा झाली, तेव्हा लास्कर सहावा आला. वय थोपवून धरता येते, परतवून लावता येत नाही, हेच खरे.

लास्करसारखी आणखीही काही नावे आहेत. स्मिस्लॉव्ह हा १९५७ साली जगज्जेता झाला होता. तोच १९८४ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू निवडण्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे विशीतल्या कास्पारॉव्हने त्याला हरवले. पण तेथवर जाताना स्मिस्लॉव्हने आपल्याहून लहान असे अनेक खेळाडू मागे टाकले होते. व्हिक्टर कोर्चनॉय याने तर २०११ साली जिब्राल्टर येथे अठरा वर्षांच्या फाबियानो कारुआना याला हरवले. त्या वेळी कोर्चनॉय एकोणऐंशी वर्षांचा होता. हा कारुआना पुढे २०१८ साली जगज्जेतेपदाचा आव्हानवीर झाला. त्याच २०११ साली, ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, कोर्चनॉयने स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

अशी उदाहरणे वाचून मन हर्षित होते. परंतु अपवादांवरून नियम काढणे शहाणपणाचे नव्हे. सर्वसाधारण खेळाडूच्या बाबतीत काय घडते, याचा शोध अभ्यासकांनी घेतला आहे. खेळाडूंचे बळ अंकांत मोजण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती अर्पाद एलो या अमेरिकेतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने तयार केली. तो स्वतः उत्तम खेळाडू होता. १९६५ साली त्याने मोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दी तपासल्या. त्याला असे आढळले, की त्यांचा खेळ पस्तिशीच्या आसपास शिखरावर असतो आणि मग सावकाश उतरू लागतो. साठी ओलांडलेला उस्ताद साधारणतः स्वतःच्याच विशीतल्या पातळीवर येऊन ठेपतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर १८९० ते २०१४ या काळातील जगज्जेतेपदाच्या दर्जाच्या खेळाडूंचे चोवीस हजारांहून अधिक डाव संगणकाच्या साहाय्याने पडताळले गेले. त्यातही जवळजवळ तेच चित्र दिसले. विशीच्या प्रारंभापर्यंत खेळ झपाट्याने सुधारतो. मग चढण मंद होते. पस्तिशीच्या सुमारास शिखर येते आणि पंचेचाळिशीनंतर उतार स्पष्ट जाणवू लागतो.

मात्र या उताराचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. तो कडा नव्हे, तो घाट आहे. कड्यावरून पडणाऱ्याला सावरायला अवसर मिळत नाही. घाट उतरणाऱ्याला पाऊल जपून टाकता येते, वाटेत थांबता येते आणि आजूबाजूचा प्रदेश पाहताही येतो.

आता प्रश्न असा, की वय नेमके काय हिरावून घेते आणि काय ठेवून जाते? बुद्धिबळ खेळताना मन दोन प्रकारची कामे करीत असते. पहिले काम गणनेचे. मी घोडा येथे नेला, तर तो उंट मारील. मग मी हत्तीने शह देईन. मग राजा कोपऱ्यात जाईल, अशी पुढच्या चालींची साखळी मनातल्या मनात जुळवावी लागते. पटावरील मोहरी जागची हललेली नसतात. पण मनातल्या पटावर ती हलवून, प्रत्येक नवी जागा ध्यानात ठेवून, पुढची चाल शोधावी लागते. या कामाला चपळ आणि ताजी स्मरणशक्ती लागते, आणि वय प्रथम घाला घालते ते येथेच. चौथ्या-पाचव्या चालीपर्यंत पोहोचल्यावर ‘ते प्यादे नेमके कोठे होते बरे?’ असा संभ्रम पडू लागतो.

दुसरे काम ओळखण्याचे. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट याने १९४६ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. एखाद्या डावातील मांडणी खेळाडूंना काही क्षण दाखवून तो पट झाकून ठेवी आणि ती आठवून पुन्हा मांडायला सांगे. उत्तम खेळाडू ती जवळजवळ बिनचूक मांडत. सामान्य खेळाडूंची मात्र तारांबळ उडे. पुढे १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी या प्रयोगाला नवी जोड दिली. त्यांनी मोहरी कोणत्याही डावात न येतील अशी अस्ताव्यस्त ठेवली. तेव्हा उत्तम खेळाडू आणि नवशिका यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले! यावरून हे स्पष्ट झाले, की उस्तादाची स्मृती मुळातच असामान्य असते असे नव्हे. ज्याप्रमाणे वाचता येणाऱ्याला सुटी अक्षरे न दिसता शब्द दिसतात, त्याप्रमाणे उस्तादाला सुटी मोहरी न दिसता त्यांचे परिचित समूह दिसतात. हे समूह हजारो डाव खेळून आणि अभ्यासून मनात साठलेले असतात. ते साठायला वर्षे लागतात आणि एकदा साठले, की ते सहजासहजी पुसले जात नाहीत.

वयस्क खेळाडूचे भांडवल ते हेच. १९८१ साली नील चार्नेस या संशोधकाने निरनिराळ्या वयांच्या, पण सारख्या बळाच्या खेळाडूंची तुलना केली. पटावरील मांडणी आठवून सांगण्यात वयस्क खेळाडू मागे पडले. परंतु चाल निवडण्यात ते तरुणांइतकेच अचूक ठरले. एवढेच नव्हे, तर तितकीच चांगली चाल शोधण्यासाठी त्यांना तरुणांपेक्षा कमी शक्यता धुंडाळाव्या लागल्या. तरुण मनुष्य दहा वाटा चालून पाहतो आणि योग्य वाट निवडतो. अनुभवी मनुष्याला त्यांतील सात वाटा चालायच्या नाहीत, हे आधीच ठाऊक असते.

अनुभवाचा हा ठेवा नेमका कसा वापरावा, हे मिखाईल बोटविनिक याने दाखवून दिले. १९३५ च्या मॉस्कोतील स्पर्धेत लास्करच्या पुढे राहिलेला तो तेवीस वर्षांचा तरुण १९४८ साली जगज्जेता झाला. पुढे १९६० साली मिखाईल ताल या तेवीस वर्षांच्या विलक्षण खेळाडूने त्याला हरवले. ताल पटावर वणवा पेटवी; मोहऱ्यांची आहुती देऊन प्रतिस्पर्ध्याला अशा रानात ओढी, की तेथे गणनेची चपळता असलेलाच तरेल. बोटविनिक हरला, पण रुसून बसला नाही. तो विद्युत अभियंता होता. यंत्र का बिघडले हे शोधावे, तसे त्याने आपले हरलेले डाव उलगडून तपासले. आपण कोठे चुकतो आणि ताल कोणत्या मांडणीत अवघडतो, हे त्याने शोधून काढले. १९६१ साली ते दोघे पुन्हा समोरासमोर बसले. एकोणपन्नास वर्षांच्या बोटविनिकने वणवा पेटूच दिला नाही. त्याने डाव शांत, मोकळ्या मैदानावर आणले आणि तेरा विरुद्ध आठ गुणांनी आपले पद परत मिळवले. तालची प्रकृती त्या काळात ठीक नव्हती, हेही सांगणे न्याय्य होईल. तथापि बोटविनिकचा अभ्यास हा अभ्यासच होता. जेथे आपले बळ कमी, तेथे लढाई देऊ नये आणि जेथे अधिक, तेथे ती न्यावी, ही शिकवण पटापुरतीच खरी नाही. शिवाजी महाराजांनी मैदान सोडून सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत शत्रूला गाठले, त्यात हेच तत्त्व नव्हते काय?

शरीराचा या खेळाशी संबंध नाही, ही समजूतही बरोबर नव्हे. मोठ्या स्पर्धेतील एक डाव कधी कधी पाच-सहा तास चालतो आणि असे डाव दिवसामागून दिवस खेळावे लागतात. बाजूला घड्याळ टिकटिकत असते. वयस्क खेळाडू पहिले तीन तास उत्तम खेळतो आणि चौथ्या तासाला एका थकल्या क्षणी हातचा डाव घालवतो, असे अनेकदा घडते. म्हणून शहाणे खेळाडू चालण्याचा, पोहण्याचा नेम ठेवतात. जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९९१ पासून ज्येष्ठांसाठी वेगळी जगज्जेतेपदाची स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला विजेता म्हणजे वर उल्लेखिलेला स्मिस्लॉव्हच होय. २०१४ पासून तीत पन्नाशीपुढील आणि पासष्टीपुढील असे दोन गट करण्यात आले.

खेळण्याची गोष्ट ही झाली. शिकण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. लहान मुलाला बुद्धिबळ शिकवावे लागत नाही. ते त्याच्या अंगाला लागते. कापाब्लांका चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ पाहूनच तो शिकला, असे सांगतात. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर हिने १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मातृभाषा जशी कानांवर पडता पडता जिभेवर येते, तशी पटाची भाषा बालवयात सहज येते. मुलाला हरण्याची लाज नसते. एका सकाळी पाच डाव हरून ते सहाव्यासाठी पुन्हा मोहरी मांडू लागते.

प्रौढ मनुष्य मात्र पटाची भाषा परभाषेप्रमाणे शिकतो. तो व्याकरणाच्या वाटेने जातो. ‘अमुक चाल का करावी?’ हे कळल्यावाचून त्याचा हात पुढे होत नाही. त्याला घरसंसाराची व्यवधाने असतात, सलग वेळ मिळत नाही आणि मुख्य म्हणजे हरण्याचा संकोच वाटतो. नातवाच्या वयाच्या मुलाने ‘शह!’ म्हटले, की त्याचा चेहरा उतरतो. तरीही त्याच्या पदरी काही गोष्टी अशा असतात, की ज्या मुलांजवळ नसतात. त्याला धीर धरता येतो. कारण समजले, की ते तो सहसा विसरत नाही. आणि आपली चूक आपणच शोधण्याची सवय त्याला जीवनाने लावलेली असते. उशिरा आरंभ करणारे सारेच मागे राहतात असेही नाही. इंग्लंडचा जोसेफ ब्लॅकबर्न सतरा-अठरा वर्षांचा असताना हा खेळ शिकला. बुद्धिबळाच्या दृष्टीने हा आरंभ उशिराचाच. तोच ब्लॅकबर्न १९१४ साली, बहात्तराव्या वर्षी, सेंट पीटर्सबर्ग येथे जगातील अग्रगण्य खेळाडूंच्या पंक्तीला बसून खेळला आणि सत्तावीस वर्षांच्या निम्झोविचला त्याने हरवले.

आपल्याकडील मीर सुलतान खान यांचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. पंजाबात जन्मलेले सुलतान खान लहानपणी देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई आणि राजाला किल्लेकोट करता येत नसे. आंतरराष्ट्रीय नियम त्यांना तरुणपणी, वयाच्या विशीनंतर, नव्याने शिकावे लागले. १९२९ साली ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही ते त्यांच्याकडेच आले. कापाब्लांकालाही त्यांनी एका डावात पराभूत केले. डावाच्या आरंभी, जेथे नवे नियम आणि पुस्तकी अभ्यास लागे, तेथे ते चाचपडत. परंतु डाव पुढे सरकला, मोहरी कमी झाली, की बालपणापासून मुरलेली समज जागी होई आणि ते मोठमोठ्यांना भारी पडत. त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी, २०२४ मध्ये, जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली. उशिरा शिकलेले आणि लवकर शिकलेले एकाच डावात कसे वेगळे ओळखू येते, हे त्यांच्या खेळात स्पष्ट दिसते.

वय आणि पट यांच्या नात्याचा सर्वांत सुंदर अध्याय मात्र आपल्याच देशात लिहिला गेला. विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले आणि पुढे अनेक वेळा जगज्जेते झाले. २०१३ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच चेन्नई शहरात मॅग्नस कार्लसनने त्यांना हरवले. आनंद तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि कार्लसन बावीस वर्षांचा. आपल्या माणसांसमोर, आपल्याच अंगणात पद गमावण्याचे दुःख लहान नव्हते. ‘आता आनंद यांनी थांबावे’ असे पुष्कळांना वाटू लागले. आनंद थांबले नाहीत. अवघ्या चार महिन्यांनी आव्हानवीर निवडण्याच्या स्पर्धेत ते पहिले आले. कार्लसनशी झालेला दुसरा सामनाही ते हरले. तथापि २०१७ च्या डिसेंबरात, अठ्ठेचाळीस वर्षांचे असताना, त्यांनी जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले. वयाला सर्वांत प्रतिकूल म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यातच हा विजय त्यांना लाभला. आणि त्या स्पर्धेत कार्लसनलाही त्यांनी एका डावात हरवले.

चेन्नईच्या त्या सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत सात वर्षांचा एक मुलगा बसला होता. काचेच्या खोलीत चाललेला तो खेळ पाहून, आपणही एक दिवस तेथे बसावे, असे त्याला वाटले. त्याचे नाव दोम्माराजू गुकेश. पुढे आनंद यांनी तरुण खेळाडूंसाठी उभारलेल्या अकादमीत त्याला त्यांचे मार्गदर्शन लाभले. २०२४ च्या डिसेंबरात, सिंगापूर येथे, अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. आनंद यांच्या पराभवाच्या संध्याकाळी जे बीज पडले, त्याला आनंद यांनीच पाणी घातले आणि अकरा वर्षांनी ते फळाला आले. बोटविनिकनेही हेच केले होते. त्याच्या बुद्धिबळ शाळेत शिकलेले कार्पॉव्ह, कास्पारॉव्ह आणि क्राम्निक हे तिघेही पुढे जगज्जेते झाले.

महाराष्ट्रानेही असाच एक क्षण अनुभवला. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना दोन भारतीय स्त्रियांत झाला. एक होती नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि दुसऱ्या होत्या तिच्या बरोबर दुप्पट वयाच्या, अडतीस वर्षांच्या कोनेरू हंपी. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांत दिव्याने विजय मिळवला. परंतु सात महिन्यांपूर्वीच हंपी यांनी जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद दुसऱ्यांदा जिंकले होते, हे विसरून चालणार नाही. तरुण पिढी जिंकली, हे खरे. पण तिला जिंकण्यासाठी कष्ट करावे लागतील इतकी उंच भिंत मागच्या पिढीने उभी केली होती, हेही तितकेच खरे.

बुद्धिबळ खेळल्याने वार्धक्यात बुद्धी शाबूत राहते काय, असेही विचारले जाते. न्यूयॉर्क येथील पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जे वृद्ध वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन किंवा नृत्य यांत रमत, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र खेळामुळे बुद्धी टिकली, की बुद्धी टिकलेली होती म्हणून खेळ चालू राहिला, हे अशा पाहणीतून निश्चित ठरत नाही. म्हणून बुद्धिबळाला औषध मानू नये. ते आनंदासाठी खेळावे. आनंदाने केलेले कोणतेही काम मनाला गंज चढू देत नाही, एवढे मानायला हरकत नाही.

पुष्कळ घरांत असे दृश्य दिसते. आजोबा पट मांडतात आणि नातवाला घोड्याची अडीच घरांची चाल शिकवतात. प्रथम ते त्याला मुद्दाम जिंकू देतात. मग काही महिन्यांनी असा एक दिवस उगवतो, की आजोबा मनापासून खेळतात आणि तरीही हरतात. तो क्षण दोघांच्याही परीक्षेचा असतो. नातवाने उड्या मारून घर डोक्यावर घ्यावे, की मोहरी नीट डब्यात भरून ‘आजोबा, तुम्ही तो हत्ती हलवला नसता तर?’ असे विचारावे? आणि आजोबांनी ‘आता आमचे वय झाले’ म्हणून पट गुंडाळून ठेवावा, की चष्मा पुसून ‘दाखव बरे, कोठे चुकलो ते’ असे म्हणावे?

जो नातू विजयानंतरही प्रश्न विचारतो, तो उद्या मोठा खेळाडू होईल. आणि जे आजोबा पराभवानंतर विद्यार्थी होतात, त्यांचे वय पटावर तरी वाढलेले नसते. वय गणनेची चपळाई नेते, डोळ्यांचे तेज नेते, लांब बैठकीचे बळ नेते. जिज्ञासा मात्र ते नेऊ शकत नाही. ती मनुष्य स्वतःच्या हाताने टाकून देतो तेव्हाच जाते. प्यादे एकेक घर पुढे सरकते. त्याला मागे फिरता येत नाही. तरीही शेवटच्या घरापर्यंत जे चालत राहते, तेच वजीर होते.

स्वाध्याय

१. बुद्धिबळात वय प्रथम कोणत्या शक्तीवर परिणाम करते? कोणते भांडवल वयस्क खेळाडूजवळ शिल्लक राहते?

२. ‘तो कडा नव्हे, तो घाट आहे’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. १९६० च्या पराभवानंतर बोटविनिकने काय केले? त्याच्या वागण्यातून कोणता गुण दिसतो?

४. मूल आणि प्रौढ मनुष्य यांच्या शिकण्याच्या रीतींतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: उट्टे निघणे, तारांबळ उडणे, घर डोक्यावर घेणे, गय न करणे.

६. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने उतारवयात कोणती नवी गोष्ट शिकली, हे त्यांना विचारून दहा ओळी लिहा.